डावा घोटा

घोट्याच्या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नसतो. हे वाक्य हाडबाई दर वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना ऐकवायची आणि ते हाड बोटांत फिरवत पुढे म्हणायची, "वरून सगळ्या अंगाचा भार, खालून टाचेचा दणका. चारी बाजूंनी बंधांनी घट्ट बांधलेलं, पण स्वतःच्या जोरावर तसूभर हलायची सोय नाही. शेजारची हाडं हलली की हे हलणार. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं, बघा घरी जाऊन." पोरं हसायची. मागच्या बाकावरची जरा जास्तच हसायची, कारण हाडबाईच्या घरची गोष्ट कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होती.

हाडबाई हे नाव पोरांनीच ठेवलेलं. शिक्षकांच्या खोलीत तिला 'हाडाची शिक्षिका' म्हणत आणि आपल्याच विनोदावर चहा सांडेपर्यंत हसत. शरीररचना विभागात ती सहायक म्हणून लागली आणि सहायक म्हणूनच तिचे केस पांढरे झाले. तिच्या हाताखालून गेलेली पोरं मोठी सर्जन झाली. एक तर तिच्याच विभागाचा प्रमुख होऊन आला आणि पहिल्या दिवशी म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसा ना." चांगला मुलगा होता, मनापासून म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तक्रार नव्हती असं नाही. पण तक्रार करायची तर कुणाची तरी करावी लागते, आणि तिच्या आयुष्याचं जे मातेरं झालं ते तिनेच केलं, असं तिला घरी इतकी वर्षं सांगण्यात आलं होतं की तिचाही त्यावर विश्वास बसला होता.

झालं होतं ते असं. तिची डॉक्टरकीची पदवी हातात आली आणि पाठोपाठ दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात सर्जरी शिकायला जागा मिळाली. वडिलांच्या मनात ते नव्हतं. मुलीने शिकावं, डॉक्टर व्हावं, चार लोकांत सांगायला बरं. पण शिकून घराबाहेर जावं हे त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. आठवडाभर घरात आदळआपट चालली. जायच्या दिवशी ती बॅग घेऊन जिना उतरू लागली, तसे ते मागून ओरडत आले, आणि जिन्याच्या वळणावर त्यांचा पाय वाकडा पडला. ते घरंगळत थेट तिच्या पुढ्यात येऊन पडले. पडलेला माणूस आधी कण्हतो, आईला हाका मारतो. यांनी खालून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं तुझं समाधान?"

शहरातल्या सर्वांत नावाजलेल्या हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे काढला. उजव्या घोट्याच्या हाडामागे, टाचेच्या हाडाच्या थोडा वर, एक तुकडा सुटा दिसत होता. डॉक्टरने पेनाचं टोक त्यावर ठेवलं आणि म्हणाला, "हा बघा, इथे तुटलंय." तिने बघितलं. दिसतच होतं, त्यात बघायचं काय? प्लास्टर घातलं, दीड-दोन महिन्यांनी काढलं, पण दुखणं काही गेलं नाही. रुग्णालयाने तिची जागा काही दिवस अडवून ठेवली आणि मग दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. तिने बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली आणि इथल्याच कॉलेजात हाडं शिकवायला लागली.

तेव्हापासून त्या घरात घोट्याचं राज्य सुरू झालं. खिडकीजवळची आरामखुर्ची घोट्याची, तिच्यापुढचं स्टूल घोट्याचं, स्टुलावरची उशी घोट्याची. पावसाळी हवेत घोटा ठणकायचा, उन्हात तो सुजायचा, आणि तिने बाहेर कुठे जायचा विषय काढला की हवा कशीही असली तरी त्यातून कळा यायच्या. 'असल्या पायावर कोण नोकरी करतं' म्हणून वडिलांनी वेळेआधीच कामावरून निवृत्ती घेतली. घर तिच्या पगारावर आलं. धाकटा भाऊ तिच्या पगारावर शिकला आणि परदेशी निघून गेला. विमानतळावर रडला बिचारा, पण रडता रडता म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणून मला काळजी नाही." निघून जाणारी माणसं असंच म्हणतात. गाढवाच्या पाठीवर ओझं ठेवताना त्याच्या मानेवरून हात फिरवावा, तसं.

पाहुणे आले की वडील गोष्ट सांगायचे, आणि हसत हसत सांगायचे, हे विशेष. "ही पळत होती, मी धरायला गेलो. ही उभी राहिली, मी आडवा झालो." पाहुणे तिच्याकडे बघायचे. ती चहाचे कप गोळा करायची. पॅथॉलॉजीतल्या एका डॉक्टरने तिला लग्नाचं विचारलं होतं. शांत माणूस होता, कमी बोलायचा, तिला आवडला होता. तिने त्याला 'थोडं थांब' म्हणून सांगितलं. तो थांबला, पुष्कळ थांबला, मग एक दिवस त्याने तिला आपल्या लग्नाची पत्रिका आणून दिली. त्याच्यावर रागावायचं तरी कशासाठी? घोट्याशी संसार तिने मांडला होता, त्याने नव्हता.

रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर ती त्या पायाला तेल लावायची. क्रेप बँडेज सोडायचं, त्याचे वळ उठलेले असायचे, त्यावरून अंगठ्याने वर खाली चोळायचं, पुन्हा बँडेज बांधायचं. वडील डोळे मिटून 'हळू, हळू' म्हणत राहायचे. नवा एक्स-रे काढू या, असं तिने सुरुवातीला दोन-चार वेळा म्हणून बघितलं. त्यावर ते म्हणायचे, "मोडलंय हे एकदा दिसलं ना? मोडलेलं परत परत काय बघायचं?" आणि तिला ते कुठेतरी पटायचं. खरं सांगायचं तर तिला तो एक्स-रे बघायचाच नव्हता. ज्या जखमेचा गुन्हा आपल्या माथी आहे, तिच्याकडे माणूस डॉक्टरच्या नजरेने बघत नाही, मान खाली घालूनच बघतो.

शेवटच्या काही वर्षांत वडिलांनी देहदानाचा ध्यास घेतला. कॉलेजात येऊन प्रमुखाला भेटले, काठी टेकत टेकत, दोन ठिकाणी थांबून धापा टाकत. त्यांची एक अट होती. उजवा घोटा बाटलीत घालून संग्रहालयात ठेवायचा, आणि तो तयार करायचा तो माझ्या मुलीच्याच हाताने. "पोरांना कळू दे, मोडक्या हाडावर माणूस पाव शतक कसा उभा राहिला," ते म्हणाले. प्रमुख अवघडला. घरच्या माणसाचा देह घरच्याच माणसाच्या हाती द्यायची पद्धत नव्हती. अशा वेळी देह दुसऱ्या कॉलेजात पाठवत. त्याने तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "करीन मी. सवय आहे मला त्या पायाची."

घरी आल्यावर आई पहिल्यांदाच त्यावर बोलली. एरवी आई बोलायचीच नाही. या घरात आईचा आवाज म्हणजे भांड्यांचा आवाज. ती म्हणाली, "मुकाट्याने जावं माणसानं. चारचौघं जातात तसं." वडिलांनी तिच्याकडे बघितलं. मुलीला तेव्हा वाटलं, आईला नवऱ्याचा देह कापला जाईल याचं वाईट वाटतंय. माणूस आपल्याला सोयीचं तेच समजून घेतो.

वडील झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. आयुष्यात पहिल्यांदाच. देह कॉलेजात आला, औषधं भरून टाकीत ठेवला गेला. तिने विभागात जाणं-येणं तसंच चालू ठेवलं, फक्त टाकीच्या खोलीवरून जाताना चाल थोडी वाढायची. काही महिन्यांनी प्रमुख म्हणाला, "मॅडम, तुमची तयारी असेल तेव्हा सांगा." तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. दुपारी वर्ग नव्हते. लांब खोली, उंच खिडक्या, स्टीलची टेबलं, डोळ्यांत पाणी आणणारा तो फॉर्मलिनचा वास, ज्याची तिला आता जाणीवही राहिली नव्हती. चेहऱ्यावर कापड होतं. तिने ते उचललं नाही. तिचं काम गुडघ्याखाली होतं.

हात चालू लागले की तिला बरं वाटायचं, तसं आजही वाटलं. कातडी सोडवली. तिच्याखालचे आडवे पट्टे मोकळे केले. आतल्या बाजूने, घोट्याच्या उंचवट्यामागून, स्नायूंच्या सगळ्या दोऱ्या आपापल्या खोबणीतून पायाकडे वळत होत्या: आधी पावलाला आत वळवणारी, मग बोटांची, मग रक्तवाहिनी आणि मज्जातंतू, आणि सगळ्यांत मागे खोलवर अंगठ्याची दोरी. हे ती डोळे मिटूनही सांगू शकली असती. पंख्यासारखा पसरलेला आतला बंध जागच्या जागी होता. बाहेरचे तिन्ही बंध तसेच होते, ताणलेले, चकचकीत, एकही फाटून जुळलेला नाही, कुठे व्रणाची गाठ नाही. तिला थोडं नवल वाटलं. एवढं मोठं पडणं, एवढं जुनं दुखणं, आणि बंधांवर ओरखडासुद्धा नाही? तिने सांधा उघडला. घोट्याच्या हाडाची वरची बाजू, ज्यावर नडगीचं हाड टेकतं, ती धुतलेल्या बशीसारखी गुळगुळीत होती. म्हाताऱ्या माणसाच्या मानाने तर फारच चांगली होती. मोडक्या हाडावर उभ्या राहिलेल्या सांध्याला खाचा पडतात, कडांना काटे फुटतात. तिने कितीतरी बघितले होते, बाटल्यांत भरले होते, पोरांच्या हातात दिले होते.

मग तिने मागचा भाग मोकळा केला. तो तुकडा होता. अगदी एक्स-रेत होता तिथेच, अंगठ्याच्या दोरीला खेटून. बघितल्यावर तिला आधी हायसं वाटलं, हे सांगायला हवं. पाय मोडला होता तर. आपण फुकट गेलो नाही.

प्रमुख आत आला तेव्हा ती त्या तुकड्याकडे चिमटा धरून बघत उभी होती. तो शेजारी येऊन वाकला, बराच वेळ बघत राहिला, आणि तिच्याच जुन्या विद्यार्थ्याच्या आवाजात, थोडं चाचरत म्हणाला, "मॅडम, कडा फार गोल आहेत हो. सगळीकडून गुळगुळीत कूर्चा आहे. हे तुटल्यासारखं..." मग म्हणाला, "डावा बघितला का?"

हे वाक्य तिचं होतं. दर वर्षी, पावलाच्या तासाला, फळ्यावर आकृती काढून ती शिकवायची: काही माणसांत घोट्याच्या हाडामागे जन्मापासूनच एक जादा हाड असतं. एक्स-रेत ते तुटलेल्या तुकड्यासारखं दिसतं, भले भले फसतात. म्हणून आधी दुसऱ्या पायाचा फोटो काढा, कारण असं हाड पुष्कळदा दोन्हीकडे असतं. "आधी दुसरी बाजू बघा. मग दुखणाऱ्या बाजूबद्दल बोला." पोरं हे वहीत उतरवायची आणि परीक्षेत लिहायची. आणि ती संध्याकाळी घरी जाऊन त्या एकाच पायाला तेल लावायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. डावा पाय पायजम्यात असायचा, जमिनीवर टेकलेला. चांगल्या पायाकडे कोण बघतं?

प्रमुख म्हणाला, "मी करू का?" तिने मान हलवली आणि नवं पातं लावलं.

डाव्या घोट्यामागे तसंच हाड होतं. तेवढंच, त्याच जागी, अंगठ्याच्या दोरीला तसंच खेटून. हा पाय कधी जिन्यावर वाकडा पडला नव्हता, याला कधी प्लास्टर लागलं नव्हतं, याच्याबद्दल कुणी पाहुण्यांना सांगितलं नव्हतं.

इथे थांबता आलं असतं. डॉक्टर चुकला, सगळे चुकले, बिचाऱ्या म्हाताऱ्याला खरंच दुखत असेल. मुरगळलेला पायही कधी कधी जन्मभर दुखतो. प्रमुख तेच बोलायला लागला होता, चांगला मुलगा होता तो. पण तिच्यातली हाडबाई आता जागी झाली होती आणि ती काही थांबणारी नव्हती. तिने दोन्ही पोटऱ्या उघड्या केल्या आणि टेप लावली. जो पाय वर्षानुवर्षं उशीवर असतो त्याची पोटरी सुकते, हाड हलकं होतं, टाचेखालची कातडी बाळासारखी मऊ पडते. इथे दोन्ही पोटऱ्या सारख्या होत्या. दोन्ही टाचा सारख्याच जाड, सारख्याच भेगाळलेल्या. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या. तिने उजवं टाचेचं हाड काढून हातावर तोललं, डावं काढून तोललं. भाजीवाल्यालाही कळला असता असा तो सरळ हिशेब होता. हा माणूस चालत होता. रोज चालत होता, भरपूर चालत होता.

"लेबलवर काय लिहायचं, मॅडम?" प्रमुखाने विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

"तुला काय वाटतं ते लिही," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याला अरे-तुरे केलं होतं, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

घरी येताना तिच्या डोक्यात वडिलांशी भांडण चाललं होतं. मेलेल्या माणसाशी भांडण्यासारखं वाईट काही नाही; आपण एकटेच बोलतो आणि शेवटी आपलाच घसा बसतो. रस्त्यात तिला एकेक गोष्ट नव्याने आठवत होती. तो पॅथॉलॉजीवाला डॉक्टर. ती रुग्णालयाची जागा. 'हळू, हळू.' तिला असा संताप आला की ती पदपथावर मध्येच उभी राहिली आणि मागून येणारा माणूस तिच्यावर आदळला. तो 'माफ करा' म्हणाला. तिला वाटलं, चला, कुणीतरी म्हणालं.

आईला हे कसं सांगायचं, ही तिची खरी काळजी. म्हातारी सत्तरी ओलांडलेली. ज्या माणसाचं एवढं केलं, ज्याच्यापायी पोरीचं आयुष्य गेलं, तो नाटक करत होता हे ऐकून तिला काय वाटेल? सांगूच नये, असंही तिला वाटून गेलं. पण ते एकटीने पोटात घेऊन झोपायचं, म्हणजे पुन्हा तोच भार आपल्याच डोक्यावर.

आई आतल्या खोलीत वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. नवरा गेल्यापासून ती बरी दिसत होती. गालांवर थोडं मांस आलं होतं, दुपारी झोपत होती. आरामखुर्ची तिने पहिल्या आठवड्यातच कुणाला तरी देऊन टाकली होती. मुलगी आत आलेली बघून ती उठली आणि मोठी चादर उलगडली.

"आई," ती दारातूनच म्हणाली, "बाबांचा पाय मोडलेला नव्हता."

"हो," आई म्हणाली. "हे टोक धर."

तिने टोक धरलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही म्हणून धरलं. आईने आपल्याकडची दोन टोकं जुळवली, चादर ताणली, झटकली.

"तुला माहीत होतं?"

"तू कामाला गेलीस की चालायचे ना. या खोलीतून त्या खोलीत. गच्चीवर जाऊन यायचे. खालच्यांना पावलं ऐकू जातील म्हणून अनवाणी." आईने अजून एक घडी घातली. "पहिले दोन-तीन महिने खरं दुखत होतं हो. मुरगळला होताच. मग थांबलं."

"आणि तू त्यांना काही म्हणाली नाहीस? मला नाही सांगितलंस?"

"त्यांनाच सांगायचं होतं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उतरला नव्हता. "पहिल्याच वर्षी. एक दिवस म्हणाले, झालं तेवढं पुरे, सांगून टाकतो पोरीला, पुढच्या वर्षी तिला परत मिळेल जागा. तुझं तोंड बघवत नव्हतं म्हणे. मीच म्हटलं, खबरदार. सांगितलंत तर मी नाही राहणार इथे."

तिच्या हातातलं चादरीचं टोक सैल पडलं. आईने डोळ्यांनी खुणावलं तसं तिने ते पुन्हा ताणून धरलं.

"नंतर मग त्यांना आवडायलाच लागलं," आई म्हणाली. "कुणाला नाही आवडणार? पण मनात डाचत असणार. म्हणून तर ते देहदानाचं खूळ. जिवंतपणी सांगायची छाती नव्हती. मी म्हटलं होतं त्यांना, मुकाट्याने जा म्हणून."

"तू का नको म्हणालीस?"

आई जवळ आली, तिच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली, आणि घडी छातीशी धरून तिच्याकडे बघत राहिली. इतक्या जवळून दोघींनी एकमेकींकडे बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

"तू गेली असतीस. धाकटा आज ना उद्या जाणारच होता. मग या घरात कोण राहिलं असतं? ते आणि मी. तू लहान होतीस तेव्हाचं तुला आठवत नाही, नाहीतर विसरलीस. तू मोठी झालीस, समोर उभी राहायला लागलीस, तेव्हा कुठे त्यांचा हात खाली आला. तू घरात असलीस की ते जरा माणसात असायचे. त्याआधीची वर्षं मी काढली होती. परत काढायची माझ्यात ताकद नव्हती."

"हे मला सांगायचंस, आई. सरळ सांगायचंस."

"काय सांगायचं? माझ्यासाठी थांब म्हणून? थांबली असतीस?"

तिला पटकन 'हो' म्हणायचं होतं. ती बॅग तिला आठवली, तो जिना, तिच्या अंगात तेव्हा भरलेलं ते वारं. आई वरच्या पायरीवर उभी होती त्या दिवशी, पदराने तोंड दाबून. तिने मागे वळून बघितलं होतं, आणि तरी ती उतरतच राहिली होती.

"नसते थांबले," ती म्हणाली.

"मग? त्यांचा पाय मोडला म्हणून थांबलीस. माझी हाडं काय कमी मोडली होती?" आईने चादर ढिगावर ठेवली, वरून हात फिरवून सुरकुती काढली. "मी तुझी चोरी केली, हे मला माहीत आहे. रोज माहीत होतं. तू त्यांच्या पायाला तेल लावायचीस ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात जायचे, कधी बघितलं नाही तुझ्याकडे. पण परत तशी वेळ आली तर परत तेच करीन. तुला खोटं सांगून काय उपयोग आता."

ती पलंगाच्या कडेवर बसली. रागवायचं तर होतं, पण राग ज्याच्यावर आणला होता तो माणूस टेबलावर पडला होता, आणि समोर ही होती, सत्तरीपलीकडची, हातात उशीचा अभ्रा घेऊन त्याचे कोपरे जुळवणारी. आपले दात, आपलेच ओठ. तिला एवढंच सुचलं. ती म्हणाली, "बरं. ते गेले. आता यापुढे तुला कसला त्रास नाही. आपण दोघी आहोत."

हे ती आईला धीर द्यायला म्हणाली. खरं तर आपल्यालाच. इतक्या वर्षांनी निदान कुणाला तरी आपण खरंच हवे होतो, हे एक हाती लागलं होतं आणि ते तिला सोडवत नव्हतं.

आईने अभ्र्याची घडी घातली. मग मऊ आवाजात, टोमणा नाही, रुसवा नाही, अगदी मनापासून म्हणाली, "अगं, तू कशाला अडकून राहतेस आता? तुला कुठे जायचं तर जा. मला आता एकटीला काही भीती नाही." आणि ढीग उचलता उचलता पुढे म्हणाली, "तुझी खोली हवेशीर आहे. मी तिकडे झोपत जाईन."